कूस

"ताई, आईंना कुशीवर घेऊ या."

रात्रीचे दोन वाजले होते. तीन दिवसांच्या तगमगीनंतर आईचा पहिल्यांदाच डोळा लागला होता. मी स्टुलावर बसून तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. रात्रपाळीच्या सिस्टर बॅटरी घेऊन आत आल्या तशी मी ओठांवर बोट ठेवलं. "आत्ता कुठे झोपलीय हो. झोपू द्या ना जरा."

"दहाला आले तेव्हाही तुम्ही हेच म्हणालात आणि मी ऐकलं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आठपासून त्या उताण्याच आहेत. आता नाही ऐकणार."

त्या आईच्या कानाशी वाकल्या. "आई, तुम्हाला माझ्याकडं वळवणार आहे हं." आई झोपेत होती. जागी असती तरी तिला कितपत समजलं असतं, हेही तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. तरी त्यांनी सांगितलं. मग एक हात खांद्यामागे, एक कमरेमागे, आणि आई अलगद वळली. गाऊनच्या नाड्या सोडून सिस्टरनी पाठीवर बॅटरीचा झोत टाकला. माकडहाडाच्या जरा वर, पाच रुपयांच्या नाण्याएवढा लाल डाग.

"बोट ठेवा. दाबा. आता सोडा. पांढरं झालं का?"

नाही झालं. लाल होतं ते लालच राहिलं.

"दाबल्यावर पांढरं पडून परत लाल झालं असतं, तर रक्त खेळतंय म्हणायचं. इथं अडलंय. कातडी अजून फुटलेली नाही, म्हणजे वेळ आहे. आता या जागेवर वजन येऊ द्यायचं नाही."

आईची झोप मोडू नये म्हणून मी सहा तास राखण केली होती, आणि तो डाग त्या राखणीचा होता. हे इतक्या सरळपणे लिहायला मला बरीच वर्षं लागली.

२०१९ चा जून. तांदूळ निवडता निवडता तिच्या हातातलं ताट कलंडलं. आमच्याकडे म्हणतात तसं अंगावरून वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एकदम गेलं. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी अडकली की असं होतं, हे नंतर कळलं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हेही नंतरच कळलं. आम्ही आधी तेल चोळलं, मग ओळखीच्या डॉक्टरांची वाट पाहिली, मग गाडी शोधली. पोचेपर्यंत सहा तास होऊन गेले होते. ज्यांच्या घरात वयस्क माणसं आहेत त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. तोंड वाकडं झालं, हात गळून पडला, बोलणं अडखळलं, यातलं काहीही एक दिसलं की तेलाची वाटी ठेवून द्या आणि जिथे सीटी स्कॅन आहे अशा दवाखान्यात थेट जा.

दवाखान्यात आम्ही अकरा दिवस होतो. डॉक्टर सकाळी यायचे, पाच-सात मिनिटं बोलायचे, फाइलवर लिहून जायचे. उरलेला सगळा दिवस आणि सगळी रात्र सिस्टरांची आणि वॉर्डातल्या मावशींची असायची. दिवसा बऱ्याच जणी आलटून पालटून येत, पण मला शिकवलं ते या रात्रपाळीच्या बाईंनी. विट्याकडच्या होत्या. पंधरा-सोळा पेशंट एकटीनं सांभाळत होत्या, तरी मला शिकवायला त्यांनी वेळ काढला. त्यांचा हिशेब सरळ होता. "घरी गेल्यावर मी नसणार. तुमचे हात तयार झाले पाहिजेत."

निरोगी माणूस झोपेतही सारखा हलत असतो. कूस बदलतो, पाय ओढतो, उशीवरचं डोकं फिरवतो. आपल्याला वाटतं आपण रात्रभर एका जागी झोपलो, पण अंग स्वतःची काळजी घेत असतं. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेपली की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या मिटतात, अंगाला ते बोचतं आणि आपण सरकतो. अर्धं अंग लुळं पडलेल्या माणसाला एक तर ते बोचणं कळत नाही, आणि कळलं तरी सरकता येत नाही. म्हणून ते सरकणं दुसऱ्या कुणीतरी करायचं असतं. साधारण दोन दोन तासांनी. हा आकडा ढोबळ आहे. गादी कशी आहे, माणूस किती हडकुळा आहे, अंग ओलं राहतंय का, यावर तो मागेपुढे होतो. दर वेळी वळवताना पाठ बघायची, आणि डाग दिसला की वेळ कमी करायची. आई गोरी होती म्हणून तिचा डाग बॅटरीच्या उजेडात दिसला. सावळ्या कातडीवर लाली दिसतेच असं नाही. तिथे हाताची मागची बाजू लावून बघायचं. भोवतालच्या कातडीपेक्षा गरम लागतंय का, टणक लागतंय का. माकडहाड, दोन्ही खुबे, टाचा, घोटे, कोपरं, डोक्याची मागची बाजू, कानाच्या पाळ्या. सिस्टर ही नावं पाढ्यासारखी म्हणायच्या आणि माझ्याकडून म्हणवून घ्यायच्या.

वळवायचं म्हणजे माणसाला पूर्ण कुशीवर, गादीशी काटकोनात ठेवायचं नाही. तसं केलं की सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी देऊन थोडं तिरकं ठेवायचं, इतकंच की माकडहाड गादीवरून सुटेल. लुळ्या बाजूवर निजवताना तो खांदा आधी पुढे काढून घ्यायचा, नाहीतर हात अंगाखाली अडकतो आणि माणसाला ते सांगताही येत नाही. दोन गुडघ्यांच्या मध्ये एक उशी. पोटऱ्यांखाली एक, अशी की टाचा अधांतरी राहतील. "टाचेखालून वहीचा कागद सरकला पाहिजे," सिस्टर म्हणायच्या, आणि खरंच चार्टचा कागद काढून सरकवून दाखवायच्या.

आणि लुळा हात धरून माणसाला कधीही ओढायचं नाही. भेटायला आलेली माणसं मायेनं पहिली हीच गोष्ट करतात, हात धरून उठवायला जातात. त्या खांद्याच्या स्नायूंत जोर उरलेला नसतो, सांधा निखळतो आणि पुढे महिनोन्महिने ठणकत राहतो. मी आईच्या पलंगाच्या उजव्या बाजूची खुर्चीच काढून टाकली होती.

पाठीला चोळायला आत्यानं स्पिरिट आणि पावडर आणून दिली. तिच्या सासूला वॉर्डात तसंच चोळायचे म्हणे. सिस्टर म्हणाल्या, "आमच्या मोठ्या सिस्टर तेच करायच्या. आता नाही करत." लाल झालेल्या जागेखालचं मांस आधीच दुखावलेलं असतं, चोळल्यानं ते आणखी फाटतं. स्पिरिटनं कातडी कोरडी पडते. दादानं मेडिकलमधून हवेची रिंग आणली, मधोमध भोक असलेली. तीही परत गेली. मधल्या भागावर भार येत नाही हे खरं, पण कडेनं दाब पडून त्याच मधल्या भागाचं रक्त तुटतं. आम्ही सगळे काही ना काही घेऊन येत होतो. रिकाम्या हातानं येऊन दोन तासांनी एकदा वळवायला मदत करणारं माणूस मात्र मिळत नव्हतं.

तो लाल डाग चौथ्या दिवशी फिका पडला आणि सहाव्या दिवशी गेला. पण घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी पुन्हा चुकले. आई पलंगावर खाली घसरायची. डोक्याकडची बाजू उंच ठेवली की माणूस हळूहळू पायांकडे घसरतो, आणि मी तिला काखेत हात घालून वर ओढायचे. हाड वर यायचं, कातडी चादरीला चिकटून खालीच राहायची. या रगडण्यानं आतल्या आत इजा होते. फोनवर सिस्टरनी विचारलं, "ओढता का उचलता?" मी गप्प. "घरात जुनं सुती लुगडं आहे का?"

होतं. आजीचं नऊवारी इरकली, धुऊन धुऊन साईसारखं मऊ झालेलं. त्याची घडी घालून खांद्यांपासून मांड्यांपर्यंत येईल असं आईच्या अंगाखाली घातलं. मी एका बाजूला, दादा दुसऱ्या बाजूला. कडा गुंडाळून अंगाशी घट्ट धरायच्या, गुडघ्यात वाकायचं, पाठीत नाही. "एक, दोन, तीन" म्हणून एकाच वेळी उचलायचं आणि वर सरकवायचं. वॉर्डात याला ड्रॉशीट म्हणतात. आमच्याकडे त्याचं नाव आजीचं लुगडं असंच राहिलं. दादा ऑफिसातून आला की दारातूनच विचारायचा, "लुगडं करायचंय का?" घडीत चुणी राहता कामा नये, हे आम्ही अनुभवानं शिकलो. रात्रभर एक चुणी अंगाखाली राहिली तर सकाळी तिची रेघ पाठीवर असते.

ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला. सांगलीत आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आणि आमच्या उपनगरात पाणी शिरलं नाही तरी वीज गेली. तोवर आम्ही हवेची गादी भाड्यानं आणली होती. पंपावर चालणारी, आळीपाळीनं फुगणारी आणि रिकामी होणारी. ती आल्यापासून मी जरा सैल पडले होते. गादी काम करतेय म्हणून रात्री तीन तीन, कधी चार तास जाऊ द्यायचे. वीज गेली आणि पंपाची गुणगुण थांबली. तासाभरानं गादीखाली तळहात घालून पाहिला, सिस्टरनी शिकवल्याप्रमाणे, आईच्या माकडहाडाच्या बरोबर खाली. मध्ये हवा उरलीच नव्हती. आईचं हाड माझ्या बोटांना लागलं. त्या रात्रीपासून पुढचे काही दिवस मी आणि दादानं पाळ्या लावल्या. मेणबत्ती, मोबाईलचा गजर, वहीत वेळ आणि कूस: डा, पा, उ. डावी, पाठ, उजवी. शेजारची वही पावसानं दमट झालेली असायची. बाहेर बोटींचे आणि माणसं काढण्याचे आवाज कानावर येत आणि आम्ही आत एका बाईला दोन तासांनी एकदा वळवत होतो. त्या दिवसांत माझ्या हातून दुसऱ्या कुणासाठी काही झालं नाही, याची टोचणी अजून आहे.

या दिवसांत मला एका माणसाची फार आठवण यायची, जिला मी कधी पाहिलेलं नाही. अरुणा शानबाग. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका. नोव्हेंबर १९७३ मधल्या हल्ल्यानंतर त्या पुन्हा उठल्या नाहीत, आणि १८ मे २०१५ ला गेल्या. जवळजवळ ४२ वर्षं त्याच रुग्णालयातल्या परिचारिकांनी त्यांचं सगळं केलं. ज्यांनी सुरुवातीला केलं त्या निवृत्त झाल्या, त्यांच्या मागून आलेल्यांनी केलं, ज्यांनी अरुणाला हिंडताफिरताना कधी पाहिलंही नव्हतं त्यांनी केलं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या प्रकरणात निकाल दिला तेव्हा या सेवेचं मनापासून कौतुक केलं. दयामरणाच्या चर्चेत ते प्रकरण सगळ्यांना माहीत आहे. मला मात्र त्यातली एकच गोष्ट कायम दिसते. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या त्या देहावर अंथरुणाची जखम नव्हती. ज्यानं कुणी दोन महिनेसुद्धा हे काम केलंय, त्याला त्या स्वच्छ पाठीमागे किती रात्री आहेत ते समजेल.

आपल्याकडे या कामाकडे कसं बघतात, तेही मी त्याच काळात पाहिलं. "ब्यूरोतून बाई ठेव, असली कामं तू कशाला करतेस," हे मला शिकल्यासवरल्या माणसांनी सांगितलं. 'असली' म्हणजे मलमूत्राची. १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं आणि पुढे ससून रुग्णालयात मुलींना, त्यातही विधवांना, नर्सिंग शिकायला पाठवायला लागल्या, तेव्हाही कुरकुर याच शब्दाची असणार असं मला वाटतं. ब्यूरोची बाई आम्हीही दिवसा ठेवली, आणि ती चांगली होती. पण तिला शिकवलं कुणीच नव्हतं. महिन्याला काही हजार रुपयांत आपण माणूस ठेवतो, अंथरुणावरचा देह तिच्या हाती देतो, आणि ती कुठे शिकली हे विचारत नाही. मी सिस्टरकडून शिकले ते तिला दाखवलं. तिनं मला अंग पुसायला शिकवलं, ते माझ्यापेक्षा तिला फार छान यायचं.

कोमट पाणी, कोपर बुडवून पाहिलेलं. आधी डोळे, तेही नाकाकडून कानाकडे. मग चेहरा, मान. अंगावरचं पांघरूण सगळं काढायचं नाही, एका वेळी एक हात उघडायचा, पुसायचा, टिपायचा, झाकायचा. स्तनांच्या खाली, जांघेत, पायांच्या बोटांच्या बेचक्यांत ओल राहू द्यायची नाही. शेवटी पाणी बदलून खालचं, पुढून मागे, कधीही मागून पुढे नाही, कारण बाईमाणसाच्या लघवीच्या जागेला जंतू तिथूनच लागतात. लघवीची नळी असली तर तीही साबणपाण्यानं अंगापासून दूर पुसत न्यायची, आणि पिशवी नेहमी कमरेच्या खाली टांगायची, जमिनीला टेकू द्यायची नाही. हे सगळं करताना ती बाई आईशी बोलत राहायची. बाजार, सून, पाऊस. आईच्या उघड्या अंगाकडे न बघता तिच्या डोळ्यांकडे बघून बोलायची. आई पहिल्या महिन्यात डोळे गच्च मिटून घ्यायची, तिसऱ्या महिन्यात ती उघडे ठेवायला लागली.

आईकडे एकच शब्द उरला होता: "बाई." दुखलं की बाई, भूक लागली की बाई, दादा आला की बाई. झटक्यानंतर भाषा गेलेल्या काही माणसांकडे असा एखादाच शब्द शिल्लक राहतो. बाकीचं सगळं त्या शब्दाच्या चालीत ऐकायचं असतं.

गणपतीतली गोष्ट सांगायची राहिली. नाकातली नळी जुलैतच निघाली होती. आई नाचणीची आंबील, घोटलेला भात, दाट वरण खायला लागली होती. पूर्ण बसवून, हनुवटी जरा छातीकडे घेऊन, डाव्या गालात छोटा चमचा, गिळल्याचं गळ्यावर दिसल्याशिवाय दुसरा नाही. खाऊन झाल्यावर उजव्या गालात बोट फिरवून बघायचं, कारण लुळ्या गालात घास तसाच साठून राहतो. आणि पातळ पाणी नाही. हे कुणालाच पटायचं नाही. माणसाला पाणी कसं नाकारायचं? पण घसा दुबळा झाला की सगळ्यात आधी पाणीच निसटून श्वासनळीत जातं, दाट पदार्थ सावकाश उतरतो. आरती झाल्यावर आत्या आत गेली आणि आडव्या आईच्या तोंडात चमचाभर तीर्थ घातलं. तिच्या मनात वहिनीबद्दलच्या काळजीशिवाय काहीच नव्हतं. आईला ठसका लागला, फार मोठा नाही. मी तिला कुशीवर घेतलं, बसवलं, ठसका थांबला. नंतर तिनं "बाई" म्हटलं तेव्हा आवाज ओला वाटला, गुळणी तोंडात धरून बोलावं तसा.

रात्री अंग जरा कढत लागलं म्हणून सिस्टरना फोन केला. "ताप नंतर सांगा. श्वास किती आहेत?" मला माहीत नव्हतं. नाडी, बीपी, साखर, ऑक्सिजन, सगळ्यांची यंत्रं घरात होती. श्वासाला यंत्र नव्हतं, म्हणून मी तो कधी मोजलाच नव्हता. "घड्याळ समोर धरा. पूर्ण एक मिनिट. मोजताय हे त्यांना कळू देऊ नका, कळलं की श्वास बदलतो. मनगट धरा, नाडी बघतोय असं दाखवा आणि पोटाकडं बघा." मी पांघरुणाच्या चौकडीतली एक निळी रेघ धरली. ती वर जायची, खाली यायची. मोठ्या माणसाचे मिनिटाला १२ ते २० श्वास असतात. आईचे २८ होते. ताप शंभरच्या आसपास, ऑक्सिजनचा आकडा अजून बरा दिसत होता. "सकाळची वाट बघू नका," सिस्टर म्हणाल्या. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या तळाशी डाग निघाला. लवकर आणलंत, असं तिथले डॉक्टर म्हणाले. पाच दिवसांनी घरी आलो. आत्याला आम्ही कुणी काही बोललो नाही, पण तिला समजलं. दुसऱ्या दिवसापासून ती रोज दुपारी यायला लागली, दोन आणि चारची कूस तिनं स्वतःकडे घेतली. शेवटपर्यंत ठेवली.

आई जवळजवळ दोन वर्षं होती. एके दिवशी पहाटे झोपेतच गेली.

त्या दोन वर्षांतली एक रात्र मला अजून लख्ख आठवते. नोव्हेंबर असेल, थंडी पडायला लागली होती. गजर झाला, मी उठले, पायांत चपला सरकवल्या. पाळी उजव्या कुशीची होती. उजवी कूस म्हणजे आधी आईचा डावा पाय गुडघ्यात वाकवून पाऊल गादीवर टेकवायचं, मग खांदा आणि कंबर धरून वळवायचं. पाच महिने तो गुडघा मीच वाकवत होते. मी पलंगाशी गेले, सवयीनं वाकून म्हटलं, "आई, तुला वळवतेय हं," आणि पांघरुणाखाली हात घातला. पाय गुडघ्यात वाकलेलाच होता. पाऊल टेकवून, दाबून धरलेलं. माझ्या चपलांच्या आवाजावर तिनं तो आधीच उभा केला होता. अंधारात तिचे डोळे उघडे होते.

"बाई," ती म्हणाली.

मी खांद्याला हात लावला आणि तिनं पावलानं रेटा दिला.